प्रवाळ-मत्स्यालयांतील केसाळ कृमि : उपकारक कीं अपकारक ?



समुद्रांतील मासे व प्रवाळ कांचेच्या टांक्यांत घरीं बाळगण्याचा छंद आतां आपल्याकडील मोठ्या शहरांतही रुजला आहे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत निळसर प्रकाशांत झळकणारें असें टांकें असलें म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याची नजर तेथेंच खिळून राहते. परंतु रात्रीं घरांतील दिवे मालवल्यावर तासाभरानें त्याच टांक्यावर विजेरीचा झोत टाकून पाहिलें, तर निराळेंच दृश्य दिसतें. दगडांच्या भेगांतून आणि वाळूच्या खालून गुलाबी-करड्या रंगाचे, बोटभर लांबीचे, दोन्ही अंगांस पांढऱ्या केसांच्या झालरी असलेले किडे बाहेर आलेले असतात, आणि उजेड पडतांच ते मागच्या मागें भेगेंत नाहींसे होतात. हें प्रथमच पाहणाऱ्या गृहस्थाच्या अंगावर शहारे येतात, आणि ही ब्याद आली कोठून व ती घालवावी कशी, याखेरीज दुसरा विचार त्यास सुचत नाहीं. इंग्रजींत या किड्यांना 'ब्रिसल वर्म' म्हणतात. आपण त्यांस केसाळ कृमि म्हणूं. हे कृमि टांक्यास उपकारक आहेत कीं अपकारक, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रश्न लहान दिसला तरी त्याचें उत्तर चुकल्यास हानि मोठी होते. निरुपद्रवी कृमींस शत्रु समजून टांक्यांत एखादें जालीम औषध ओतलें, तर कृमींबरोबर प्रवाळही मरतात. उलट सर्वच कृमि साधु आहेत असें मानून स्वस्थ बसलें, तर क्वचित् प्रसंगीं खरोखरीचा भक्षक आंत राहून एकेक जीव गिळीत राहतो. म्हणून प्रथम हा प्राणी कोण, तो काय खातो, आणि त्याच्यावर येणारे आरोप कोणत्या पुराव्यावर उभे आहेत, हें क्रमानें पाहूं.

शरीर वलयांचें बनलेलें असणाऱ्या प्राण्यांचा एक मोठा संघ आहे. आपल्या परिचयाचें गांडूळ आणि जळू हीं त्याच संघांतील. केसाळ कृमि त्यांचे समुद्रांतील भाऊबंद होत. शास्त्रज्ञ त्यांच्या वर्गास 'पॉलिकीट' म्हणतात. यांतील 'कीट' हा शब्द संस्कृतांतील किड्याचा वाचक नव्हे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ केस असा आहे, आणि 'पॉलि' म्हणजे पुष्कळ. या कृमीच्या शरीराच्या प्रत्येक वलयास दोहों बाजूंस पायासारखा एकेक मांसल भाग असतो. त्यास पार्श्वपाद म्हणतात, आणि या पार्श्वपादांतूनच राठ केसांचे झुबके निघतात. आतांपर्यंत या वर्गांतील दहा हजारांहून अधिक जाति शास्त्रास ज्ञात झाल्या आहेत. तेव्हां 'केसाळ कृमि चांगला कीं वाईट' असें एका दमांत विचारणें हें 'पक्षी चांगला कीं वाईट' असें विचारण्यासारखेंच आहे. चिमणीही पक्षी, आणि ससाणाही पक्षीच.

हें ऐकून कित्येकांस नवल वाटेल कीं, ज्या 'पिसाऱ्याच्या कृमी'साठीं छांदिष्ट लोक हौसेनें पैसे मोजतात, तोही याच वर्गांतील आहे. तो स्वतःभोंवतीं नळी करून राहतो, डोक्यावरील पिसाऱ्यानें पाण्यांतील सूक्ष्म अन्नकण गाळून घेतो, आणि कोणास उपद्रव देत नाहीं. प्रवाळाच्या अंगांत घर करून राहणारा, रंगीबेरंगी दोन शंकूंसारखा दिसणारा 'ख्रिसमस ट्री' कृमिही त्याच कुळांतला. एकास कौतुकानें विकत घ्यावयाचें आणि त्याच्याच चुलतभावास पाहून किंचाळावयाचें, हा न्याय केवळ रूपावरून केलेला आहे, एवढें येथें लक्षांत ठेवावें.

आतां हा पाहुणा टांक्यांत येतो कसा, तें पाहूं. घरगुती मत्स्यालयाचा इतिहास फार जुना नाहीं. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं १८५० सालीं आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. गोड्या पाण्याच्या पात्रांत त्यांनीं दोन मासे व एक पाणवनस्पति ठेवली होती. वनस्पति माशांस प्राणवायु पुरवील आणि पाणी शुद्ध राहील, अशी त्यांची अपेक्षा होती. पण जुनीं पानें कुजूं लागलीं आणि पाणी गढूळ होऊं लागलें. तेव्हां त्यांनीं त्यांत पाणगोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनीं कुजकीं पानें खाऊन टाकलीं आणि पात्र पुन्हां स्वच्छ झालें. मासा व वनस्पति या दोघांवर संसार चालत नाहीं. उष्टें-खरकटें उचलणारा तिसरा कोणी तरी घरांत असावा लागतो, हा धडा त्या वेळींच मिळाला होता. पुढें फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ सालच्या पुस्तकानें 'ॲक्वेरियम' हा शब्द व हा छंद इंग्लंडांत घरोघर पोहोंचविला.

प्रवाळ मात्र बंद पाण्यांत जगेनात. त्या दिशेनें एक महत्त्वाचें पाऊल इंडोनेशियांतील ली चिन एंग यांनीं टाकलें. १९६१ सालीं त्यांनीं आपली 'निसर्गपद्धति' प्रसिद्ध केली. समुद्रांतील प्रवाळ-खडकांचे तुकडे, त्यांवरील सर्व जीवांसह, टांक्यांत ठेवावे, हवेचे बुडबुडे सोडावे, आणि पाणी शुद्ध करण्याचें काम त्या जिवंत दगडांवरच सोंपवावें, असा तिचा आशय होता. आजच्या प्रवाळ-टांक्यांतून वापरला जाणारा 'जिवंत दगड' तो हाच. हा दगड वरून कोरडा व निर्जीव भासला तरी त्याच्या भोंकाभोंकांत जीवाणु, शेवाळ, स्पंज, चिमुकले खेकडे आणि आपले केसाळ कृमि वस्ती करून असतात. प्रवाळाचा एखादा तुकडा ज्या खडीवर चिकटवलेला असतो, तिच्यांतूनही ते येतात. सारांश, कृमि हा टांक्यांत चोरपावलांनीं शिरलेला दरोडेखोर नसून, ज्या घराचा आपण एक तुकडा उचलून आणला त्या घरांतीलच तो जुना रहिवासी आहे.

तो तेथें काय करतो ? टांक्यांत सामान्यतः आढळणारे केसाळ कृमि बहुतेक 'ॲम्फिनोमिड' नांवाच्या कुटुंबांतील असतात. त्यांतील 'युरिथोई कॉम्प्लानेटा' ही जाति छांदिष्टांच्या विशेष परिचयाची आहे. या कुटुंबांतील कृमींस कठीण जबडे नसतात. तोंडांतील मांसल भाग बाहेर काढून मऊ पदार्थ खरवडून घ्यावयाचा, ही त्यांची रीत. माशांनीं न खाल्लेला व दगडामागें जाऊन पडलेला दाणा, माशांची विष्ठा, मेलेली गोगलगाय, कुजणारें शेवाळ, हें त्यांचें मुख्य अन्न.

या खाण्याचें महत्त्व कळण्यास पाण्यांत काय घडतें हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. अन्न कुजूं लागलें कीं त्यांतून अमोनिया निघतो, आणि तो माशांस व प्रवाळांस विषारी असतो. जीवाणु त्याचें प्रथम नायट्राइटमध्यें व मग नायट्रेटमध्यें रूपांतर करतात. परंतु हें काम संथपणें होणारें आहे. दगडाच्या पाठीमागें एखादा मासा मरून पडला आणि तो तसाच सडत राहिला, तर लहान टांक्यांतील जीवाणूंच्या आवांक्याबाहेर अमोनिया सांठतो आणि एका मृत्यूचे दहा मृत्यु होतात. अशा वेळीं माणसाचा हात जेथें पोहोंचत नाहीं तेथें हे कृमि रातोरात गोळा होतात आणि तें कलेवर फस्त करतात. अन्नांतील नत्र त्यामुळें नाहींसा होतो असें नव्हे. त्याचा कांहीं भाग कृमीच्या शरीरांत सांठतो व उरलेला विष्ठारूपानें हळूहळू बाहेर पडून जीवाणूंच्या हवालीं होतो. शिवाय वाळूंत बिळें करून ते ती खालवर करतात, त्यामुळें ताजें पाणी वाळूच्या आंतवर खेळतें आणि ती घट्ट होऊन कुजत नाहीं. चार्लस डार्विन यांनीं १८८१ सालीं गांडुळावर स्वतंत्र ग्रंथ लिहून, हा तुच्छ समजला जाणारा जीव शेतांतील माती कशी तयार करतो, हें जगास दाखविलें. त्याच गांडुळाचे हे भाऊबंद टांक्याच्या तळाशीं तशाच जातीचें काम करीत असतात.

मग यांची अपकीर्ति झाली कशी ? त्याचें कारण मोठें बोधप्रद आहे. सकाळीं टांक्यापाशीं जावें तों एक मौल्यवान शिंपला उघडा पडलेला दिसतो आणि त्याच्या मांसांत चार केसाळ कृमि तोंड घालून बसलेले असतात. खुनी रक्ताळलेल्या हातांनिशीं सांपडला, असें पाहणाऱ्यास वाटतें. पण शिंपला अगोदर मेला आणि मग कृमि आले, कीं कृमि आले म्हणून शिंपला मेला, हें त्या दृश्यावरून ठरत नाहीं. गिधाडें जमलेलीं पाहून गिधाडांनींच बैल मारला असें आपण म्हणत नाहीं. आपल्याकडे याला काकतालीय न्याय असें नांव आहे : कावळा बसला आणि ताडाचें फळ पडलें, एवढ्यावरून कावळ्याच्या भारानें तें पडलें असें सिद्ध होत नाहीं. शिंपले मरण्याचीं कारणें पुष्कळ असतात. प्रकाश अपुरा पडणें, पाण्याची क्षारता एकाएकीं बदलणें, किंवा शिंपल्याच्या कडेस चिकटून त्याचा रस शोषणाऱ्या तांदळाएवढ्या परोपजीवी गोगलगाई, हीं त्यांतील कांहीं होत. अशक्त व मरणोन्मुख जीवाचा वास पाण्यांत पसरला कीं कृमि धांव घेतात. निरोगी शिंपल्याचें कवच मिटून जाईल आणि निरोगी प्रवाळ आपल्या दंशकोशांनीं त्यांस दूर ठेवील.

तथापि वकिली करतां करतां सत्याचा अपलाप होतां कामा नये. या वर्गांत खरे अपराधीही आहेत.

पहिला 'हर्मोडिस कॅरन्क्युलाटा', म्हणजे दाढीवाला अग्निकृमि. पीटर सायमन पालास या निसर्गशास्त्रज्ञानें १७६६ सालीं याचें वर्णन केलें. हा अटलांटिक महासागराचा उष्ण भाग, कॅरिबियन समुद्र व भूमध्य समुद्र येथील रहिवासी. तो वीतभर आणि त्याहूनही लांब वाढतो. प्रवाळाच्या फांदीचें टोंक तोंडांत घेऊन त्यावरील सर्व मांस तो पचवितो, आणि फांदीचें टोंक पांढरें हाडासारखें उघडें पडतें. इतकेंच नव्हे, तर २००३ सालीं इस्रायलमधील संशोधकांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, भूमध्य समुद्रांतील एका प्रवाळास रोगट करणारा जीवाणु हिवाळ्यांत या कृमीच्या शरीरांत आसरा घेतो व त्याच्या तोंडून पुन्हां प्रवाळास लागतो. ओळखण्याची खूण अशी : शरीर जाड, पांढऱ्या केसांच्या झुबक्यांच्या मुळाशीं तांबडे किंवा नारिंगी शाखायुक्त कल्ले, आणि डोक्यावर मांसल तुरा. हिंदी व पॅसिफिक महासागरांतील दगडांतून तो येण्याचा संभव नाहीं. म्हणून दगड कोणत्या समुद्रांतील आहे याची विक्रेत्यापाशीं चौकशी करणें शहाणपणाचें असतें.

दुसरा अपराधी 'युनिस' कुळांतील. यांस बळकट जबडे असतात, डोक्यावर पांच स्पर्शिका असतात, आणि अंगावर इंद्रधनुष्यासारखी झांक मारते. यांतील 'युनिस ॲफ्रोडिटॉइस' हा वाळूंत दडून राहतो आणि वरून जाणारा मासा जबड्यांनीं झडप घालून आंत ओढतो. २००९ सालीं जपानमध्यें मासे पाळण्याच्या तराफ्याच्या तरंडांत सांपडलेला एक कृमि २९९ सेंटिमीटर लांब भरला ! त्याचीं वलयें ६७३ होतीं आणि वजन ४३३ ग्रॅम. त्याच वर्षीं इंग्लंडांत कॉर्नवॉलमधील न्यूके येथील 'ब्लू रीफ' मत्स्यालयांत प्रवाळांचे लचके तुटलेले दिसूं लागले, मासेही जखमी होऊं लागले, आणि गुन्हेगार कांहीं सांपडेना. आमिष लावून सांपळे ठेवले, तेही फुकट गेले. शेवटीं टांक्यांतील दगड एकामागून एक बाहेर काढले, तेव्हां सुमारें चार फूट लांबीचा कृमि हातीं लागला. त्यास न मारतां वेगळ्या टांक्यांत ठेवण्यांत आलें. मूठभर असतांना तो दगडांत लपून आला असावा आणि तेथेंच पोसला गेला असावा.

या दोन्ही उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. खरा भक्षक असला म्हणजे निरोगी जीवांवर वारंवार, ठराविक प्रकारच्या जखमा दिसतात. म्हणून संशय आल्यास आठपंधरा दिवस रात्रीं तांबड्या प्रकाशांत निरीक्षण करावें. तांबडा उजेड या प्राण्यांस विशेष जाणवत नाहीं. कोणता जीव, कोठें, केव्हां दुखावला, याची वहींत नोंद ठेवावी. निरोगी प्रवाळाशेजारीं कोळंबीचा तुकडा ठेवून पाहावा. कृमि प्रवाळ सोडून तुकड्यावर गेला, तर तो झाडूवाला. तुकडा सोडून प्रवाळाशींच लागला, तर तो संशयित. जबडे, स्पर्शिका व कल्ले यांच्या खुणा मग पडताळून पाहाव्या.

एक अपकार मात्र साध्या कृमीकडूनही होतो, आणि तो माणसास. अग्निकृमीच्या कुटुंबांतील केस चुनखडीचे व ठिसूळ असतात. बोट लागतांच ते कातडींत शिरून मोडतात आणि त्या जागीं आग होते, खाज सुटते, सूज येते. 'युरिथोई'च्या शरीरांतून दाह उत्पन्न करणारें 'कॉम्प्लानीन' नांवाचें द्रव्य २००८ सालीं शास्त्रज्ञांनीं वेगळें काढलें. तेव्हां टांक्यांत हात घालतांना लांब रबरी हातमोजे घालावे, आणि मुलांस उघड्या हातानें दगड हलवूं देऊं नये. केस टोंचलेच तर ती जागा चोळूं नये. चिकटपट्टी हलक्या हातानें दाबून उचलावी, म्हणजे केस तिच्याबरोबर निघतात. नंतर शिरका लावल्यास पुष्कळांस आराम पडतो. सूज वाढत गेली, अंगावर पित्त उठलें, किंवा श्वास लागला, तर विलंब न करतां डॉक्टरांकडे जावें.

आतां समजा, कृमि फार माजले आहेत. दिवसाढवळ्या डझनांनीं हिंडत आहेत. काय करावें ? त्याआधीं विचार हा करावा कीं, एवढे कृमि जगतात कशावर ? कृमींची संख्या मिळणाऱ्या अन्नाबरहुकूम वाढते. संख्या भरमसाट झाली याचा अर्थ टांक्यांत अन्न गरजेहून अधिक पडत आहे, किंवा कांहीं तरी कुजत आहे. कृमि हे येथें रोग नसून रोगाचें लक्षण आहेत. म्हणून प्रथम दाणा कमी करावा. मासे दोनतीन मिनिटांत संपवितील इतकाच टाकावा. पाण्याची वरचेवर अदलाबदल करावी, आणि सांचलेला गाळ नळीनें ओढून काढावा. कांहीं आठवड्यांत संख्या आपोआप उतरते.

त्यांतूनही कांहीं काढावयाचे असतील, तर अरुंद भोंकांच्या नळींत कोळंबीचा तुकडा घालून ती रात्रीं तळाशीं ठेवावी आणि सकाळीं आंत शिरलेल्या कृमींसह उचलावी. एकटा दिसल्यास लांब चिमट्यानें सबंध धरावा. त्याचे तुकडे करूं नयेत. 'युरिथोई' तुकड्यांपासून नवें डोकें व नवें शेंपूट उत्पन्न करतो, आणि एकाचे दोन-तीन होतात. रक्तबीजाची कथा येथें अक्षरशः अनुभवास येते ! कोळ्यासारखा लांब तंगड्यांचा बाणखेकडा किंवा सहा रेघांचा रॅस मासा हे लहान कृमि खातात. पण बाणखेकडा पुढें इतर जीवांवरही हात टाकतो, म्हणून पाळण्याआधीं विचार करावा. औषध ओतण्याचा मार्ग सर्वांत वाईट. तांब्याचीं औषधें प्रवाळ, कोळंबी, गोगलगाई या सर्वांसच घातक असतात. आणि शेंकडों कृमि एकाच रात्रींत मेले, तर त्यांच्याच शवांच्या अमोनियानें टांकें बुडतें.

जातां जातां आणखी एक सांगणें आवश्यक आहे. आपल्या देशांतील प्रवाळांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं २००१ सालापासून पहिल्या अनुसूचींत स्थान मिळालें आहे. वाघास जें संरक्षण, तेंच त्यांस. मालवणच्या समुद्रांतही प्रवाळ आहेत, आणि तेथें १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सहलीस गेलेल्या माणसानें तेथून प्रवाळाचा तुकडा टांक्यासाठीं उचलणें हा अपराध आहे. आणि तो तुकडा उचलला, म्हणजे त्यांत राहणाऱ्या शेंकडों जीवांचें घरही उचललें जातें, हें आतां आपणांस कळलेंच आहे.

तेव्हां मूळ प्रश्नाचें उत्तर असें : प्रवाळ-टांक्यांत सामान्यतः आढळणारा लहान केसाळ कृमि उपकारक आहे, त्यास राहूं द्यावा, मात्र उघड्या हातानें शिवूं नये. मोठा, जबड्यांचा, किंवा तांबड्या कल्ल्यांचा कृमि दिसल्यास त्याची नीट ओळख पटवावी आणि तो भक्षक ठरल्यास सबंध काढावा. आणि साधे कृमि अतोनात वाढले, तर त्यांच्यावर रागावण्यापूर्वीं आपण रोज किती दाणा टाकतों, तें एकदां मोजून पाहावें.